सामना पाहायला आलेला माणूस घरी सुखरूप पोहोचू दे

कर्नाटक राज्य क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष श्री. वेंकटेश प्रसाद यांना खुले पत्र

बेंगळुरू, डिसेंबर २०२५

माननीय श्री. वेंकटेश प्रसाद यांस,



याच महिन्यात आपण संघटनेचे अध्यक्ष झालात, त्याबद्दल प्रथम आपले मनापासून अभिनंदन. ९ मार्च १९९६ च्या रात्री चिन्नास्वामी मैदानावर आपण आमिर सोहेलचा त्रिफळा उडवला, तो क्षण महाराष्ट्रातल्या घराघरांतही तितक्याच जल्लोषात पाहिला गेला होता. त्याने आदल्या चेंडूवर चौकार मारून आपल्याला बॅट दाखवली होती आणि आपण पुढच्याच चेंडूवर त्याला उत्तर दिले. विश्वचषकाची ती उपांत्यपूर्व फेरी भारताने ३९ धावांनी जिंकली. त्या मैदानाची गर्दी काय असते आणि ती खेळाडूच्या अंगात काय बळ भरते, हे आपल्याइतके चांगले फार थोड्यांना ठाऊक असेल. म्हणून हे पत्र मी मंत्र्यांना किंवा पोलिसांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

पत्र मराठीत आहे, याचे कारण साधे आहे. बेंगळुरूत मराठी माणसांची कमी नाही. शहाजीराजांच्या जहागिरीपासून हे शहर आम्हाला परके नाही, आणि याच शहरातल्या एका मराठी घरात राहुल द्रविड लहानाचा मोठा झाला. आपल्या आसपासचे कोणीतरी हे आपल्याला वाचून दाखवील याची मला खात्री आहे. शिवाय यातल्या बऱ्याच गोष्टी मुंबई, पुणे आणि नागपूरच्या क्रिकेट संघटनांनीही वाचाव्यात अशी माझी इच्छा आहे.

मी मूळची नवी मुंबईतल्या नेरूळची. पाम बीच रस्ता, सारसोळ्याची जेट्टी, भरतीच्या वेळी खाडीवरून येणारा खारट वारा, हे माझे गाव. आता लग्न, नोकरी, मुलांची शाळा असे सगळे बेंगळुरूत आहे, मल्लेश्वरममध्ये. माहेर नेरूळ आणि घर बेंगळुरू. या वर्षी क्रिकेटने या दोन्ही गावांना जे दिले त्यात जमीन-अस्मानाचे अंतर होते. त्याविषयीच मला बोलायचे आहे.

आपल्याला आठवत असेल, १७ एप्रिल २०१० रोजी चिन्नास्वामीच्या बाहेर बॉम्बस्फोट झाले, माणसे जखमी झाली. त्या दिवशीचा सामना उशिरा का होईना खेळवला गेला, पण आयपीएलच्या त्या हंगामाचे बेंगळुरूत ठरलेले उपांत्य सामने नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर हलवण्यात आले. १५ वर्षांनी तेच पुन्हा घडले. महिलांच्या एकदिवसीय विश्वचषकाचे सामने बेंगळुरूला मिळाले होते, अगदी सलामीचा सामनासुद्धा. ४ जूनला चिन्नास्वामीबाहेर झालेल्या चेंगराचेंगरीनंतर मैदानाला परवानगी मिळेना, आणि ऑगस्टमध्ये आयसीसीने बेंगळुरूच्या जागी नवी मुंबईचे नाव जाहीर केले. दोन्ही वेळा बेंगळुरूच्या ताटातला घास माझ्या माहेरच्या पानात पडला. मी तो खाल्ला, आनंदाने खाल्ला. पण तो कोणाच्या वाटणीचा होता हे मला विसरता आलेले नाही.

२ नोव्हेंबरला, रविवारी, अंतिम सामन्याला मी आई आणि भाचीला घेऊन गेले होते. दुपारी पाऊस लागला. नाणेफेक लांबली, खेळ सुरू व्हायला संध्याकाळचे पाच वाजले. तोवर भिजलेल्या खुर्च्या ओढणीने पुसायच्या, पुन्हा सर आली की आडोशाला पळायचे, असे चालले होते. पण कोणी वैतागलेले दिसले नाही. आमच्या पुढच्या रांगेत शाळेच्या दहा-बारा मुली होत्या. कोणाच्या पाठीवर स्मृतीचा १८ नंबर, कोणाच्या पाठीवर जेमिमाचा ५. तीनच दिवसांपूर्वी याच मैदानावर वांद्र्याच्या जेमिमा रॉड्रिग्सने नाबाद १२७ धावा काढून ऑस्ट्रेलियाविरुद्ध ३३९ धावांचा पाठलाग पूर्ण करून दिला होता. त्या मुली त्या खेळीतला एकेक फटका हातवारे करून एकमेकींना दाखवत होत्या. शफाली वर्माच्या ८७ धावा झाल्या, दीप्ती शर्माचे अर्धशतक झाले, भारताच्या २९८. मग दक्षिण आफ्रिकेच्या लॉरा वोल्वार्टने शतक ठोकले आणि स्टेडियमचा आवाज बसला. अमनजोतने तिचा झेल दोन-तीनदा हातातून निसटता निसटता धरला, तेव्हा माझी आई, जिने आयुष्यात कधी मैदानावर जाऊन सामना पाहिला नव्हता, खुर्चीवर उभी राहिली. दीप्तीचे पाच बळी, हरमनप्रीतचा शेवटचा झेल, ५२ धावांनी विजय. मध्यरात्र झाली होती.

त्यानंतरचा तासभर मला आपल्यासमोर जास्त बारकाईने ठेवायचा आहे. सुमारे ४० हजार माणसे एकाच वेळी बाहेर पडत होती. नाचत, ओरडत, तिरंगे फडकवत. आईचा गुडघा दुखतो, म्हणून आम्ही जिन्यावर थांबत थांबत उतरलो. मागून कोणी ढकलले नाही, कारण मागच्यांना घाई करण्याचे कारण नव्हते. बाहेर पडायची दारे उघडी होती, रस्ता मोकळा होता, पुढे जागा आहे हे दिसत होते. एक महिला पोलीस एकसारखी सांगत होती, "स्टेशन उजवीकडे, हायवे डावीकडे, लहान मुलांचा हात धरा." सायकलवर थर्मास लावून चहा विकणारा एक मुलगा कोपऱ्यावर उभा होता. आम्ही चहा घेतला आणि चालत घरी आलो. आई चपला काढताना म्हणाली, "पुढच्या वेळी तुझ्या बेंगळुरूला बघू या."

अध्यक्ष महोदय, तिला मी काय उत्तर द्यायचे, हा माझा आपल्याला प्रश्न आहे.

त्या रात्री नेरूळमध्ये चमत्कार झालेला नव्हता. तिकीट असलेलीच माणसे मैदानाकडे आली होती, आपण कुठे बसणार आणि कुठून बाहेर पडणार हे त्यांना माहीत होते, आणि यजमानांना पाहुण्यांचा आकडा आधीपासून ठाऊक होता. एवढ्यावर ती रात्र सुखाची झाली. ४ जूनला बेंगळुरूत यातले काहीही नव्हते.

३ जूनच्या रात्री अहमदाबादेत आयपीएलच्या अंतिम सामन्यात बेंगळुरूच्या आरसीबीने पंजाबला ६ धावांनी हरवले. १८ हंगाम "ई सला कप नम्दे" (यंदा करंडक आमचाच) असे म्हणत आलेल्या शहराला अखेर करंडक मिळाला. त्या रात्री मल्लेश्वरममध्ये आमच्या गल्लीतही फटाके वाजले, शेजारच्या अज्जींनी आम्हाला म्हैसूरपाक दिला. दुसऱ्या दिवशी सकाळपासून समाजमाध्यमांवर निरोप फिरू लागले. विजययात्रा आहे, नाही, फक्त सत्कार आहे. प्रवेश मोफत आहे, नाही, पास लागेल. विधानसौधाला एक कार्यक्रम, चिन्नास्वामीला दुसरा. जेमतेम ३५ हजारांच्या मैदानाभोवती लाखांनी माणसे जमली. दारे बंद होती, मग थोडी उघडली, मग रेटा आला. ११ जण गेले, ५० हून अधिक जखमी झाले. गेलेल्यांत बहुतेक तरुण होते, एक शाळकरी मुलगीही होती. बाहेर हे घडत असताना आत सत्कार चालू होता.

कोणाची जबाबदारी किती, हे न्यायालयात ठरेल. आपल्या संघटनेच्या तेव्हाच्या सचिवांनी आणि खजिनदारांनी नैतिक जबाबदारी स्वीकारून राजीनामे दिले, पोलीस आयुक्त निलंबित झाले. त्या वादात मला पडायचे नाही. मला खुपते ते दुसरेच. त्यानंतर कित्येक दिवस "लोकांनाच शिस्त नाही" हे वाक्य मी ऑफिसात, मेट्रोत, घरच्या जेवणाच्या टेबलावर ऐकले. हे वाक्य खोटे आहे आणि घातकही आहे.

चौरस मीटरभर जागेत सहा-सात माणसे उभी राहिली की कोणीच स्वतःच्या पायांनी चालत नाही, गर्दीच त्याला वाहून नेते. पुढच्याला मागे येता येत नाही, मागच्याला पुढे काय झाले ते कळत नाही. बरगड्यांवर इतका दाब येतो की छाती फुगत नाही आणि माणूस उभ्या उभ्या गुदमरतो. तिथे शिस्त, शिक्षण, संस्कार काही कामाला येत नाही. इंग्लंडमध्ये १५ एप्रिल १९८९ रोजी हिल्सबरोच्या फुटबॉल मैदानावर असेच घडले. ९७ जीव गेले. तिथेही आधी चाहत्यांनाच दोष दिला, दारुडे म्हटले, हुल्लडबाज म्हटले. नातेवाइकांनी २७ वर्षे लढा दिला, तेव्हा २०१६ मध्ये ज्यूरीने सांगितले की चाहत्यांची चूक नव्हती, या माणसांचा बेकायदा बळी गेला. पण त्या देशाने तेवढा वेळ हातावर हात ठेवून काढला नाही. न्यायमूर्ती टेलर यांचा अहवाल १९९० मध्ये आला आणि वरच्या श्रेणीतल्या मैदानांवरचे उभे राहून पाहण्याच्या जागा जाऊन प्रत्येक प्रेक्षकाला स्वतःची खुर्ची मिळाली. तिथे मैदाने बंद झाली नाहीत, ती माणसांसाठी नव्याने बांधली गेली.

मुंबईची बढाई मारण्याचाही माझा हेतू नाही. ४ जुलै २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषक घेऊन भारताचा संघ मरीन ड्राइव्हवरून उघड्या बसमधून वानखेडेवर गेला, तेव्हा समुद्राकाठचा तो सगळा रस्ता माणसांनी भरून गेला होता. गर्दीने दुभंगून रुग्णवाहिकेला वाट करून दिली, ते दृश्य सगळ्या देशाने पाहिले आणि कौतुक केले. पण त्याच संध्याकाळी अनेकांचे श्वास कोंडले, काहींना रुग्णालयात न्यावे लागले. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला इमारती, आणि निमंत्रण मात्र साऱ्या शहराला. तो दिवस निभावला याचे श्रेय नियोजनापेक्षा नशिबाला जास्त आहे. २०१७ साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी एल्फिन्स्टन रोडच्या पुलावर चेंगराचेंगरीत २३ माणसे गेली, ती कुठल्या जल्लोषाला आलेली नव्हती, नेहमीप्रमाणे कामावर निघालेली होती. मांढरदेवीच्या डोंगरावरची चेंगराचेंगरी तर महाराष्ट्र कधीच विसरणार नाही. तेव्हा हे दुखणे एकट्या बेंगळुरूचे नाही. आपल्या देशात जमलेल्या माणसांना अडवायचे कसे याचाच विचार होतो, त्यांना सामावून घ्यायचे कसे याचा होत नाही.

या बाबतीत आपले मैदान आणि मुंबईचे मैदान सख्खी भावंडे आहेत. चिन्नास्वामीवर पहिली कसोटी नोव्हेंबर १९७४ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध झाली. ग्रीनिज आणि व्हिव्हियन रिचर्ड्‌स यांनी तिथेच कसोटीत पदार्पण केले. त्याच दौऱ्यात जानेवारी १९७५ मध्ये वानखेडेवरही पहिली कसोटी झाली. वानखेडे स्टेडियम उभे राहिले तेच मुळी तिकिटांवरून. ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबईकरांच्या वाट्याला पुरेशी तिकिटे येत नव्हती, म्हणून बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी हाकेच्या अंतरावर दुसरे मैदान बांधून काढले. त्या पहिल्याच कसोटीत क्लाइव्ह लॉइडचे द्विशतक झाले, त्याचे अभिनंदन करायला एक प्रेक्षक मैदानात धावला आणि पोलिसांनी त्याला मारहाण केली. सारे स्टेडियम खवळले आणि खेळ कितीतरी वेळ बंद पडला. प्रेक्षकांसाठी बांधलेल्या मैदानाची सुरुवातच प्रेक्षकाच्या अंगावर हात टाकून झाली.

२०११ च्या विश्वचषकात ईडन गार्डन्स तयार नव्हते, म्हणून भारत-इंग्लंड सामना कोलकात्याहून बेंगळुरूला आला. तेव्हा बेंगळुरू हे विश्वासाचे नाव होते. दोन्ही बाजूंच्या ३३८ धावा, बरोबरीत सुटलेला सामना, सचिनचे शतक, स्ट्रॉसच्या १५८. पण त्याच्या तीन दिवस आधी तिकिटांसाठी रात्रभर रांगेत उभ्या राहिलेल्या तरुणांवर चिन्नास्वामीच्या बाहेर लाठीमार झाला होता, कारण विक्रीला आलेली तिकिटे मूठभर होती. मुंबईतल्या अंतिम सामन्याचीही तीच तऱ्हा. सुमारे ३३ हजार खुर्च्यांपैकी सामान्य माणसाला विकत मिळाली जेमतेम ४ हजार तिकिटे. बाकीच्या सभासदांच्या, क्लबांच्या, प्रायोजकांच्या, सरकारी पासांच्या. मैदानात बसायला जागा मिळणारच नाही असा वर्षानुवर्षे अनुभव आलेला माणूस जेव्हा "आज प्रवेश मोफत" असे ऐकतो, तेव्हा तो धावत सुटतो. ४ जूनच्या गर्दीत ही भूकही होती. तिची दखल घेतल्याशिवाय दारांची रुंदी मोजून भागणार नाही.

बेंगळुरूला हे जमत नाही असेही नाही. कब्बन पार्कच्या एका अंगाला चिन्नास्वामी आहे, तर दुसऱ्या अंगाला कंठीरवा स्टेडियम. चेंगराचेंगरीनंतर महिन्याभराने, ५ जुलैला, तिथे नीरज चोप्राच्या नावाची भालाफेक स्पर्धा झाली. मी मुलांना घेऊन गेले होते. घरून निघताना मनात धाकधूक होती हे सांगायला संकोच वाटत नाही. पण आत गेल्यावर सगळे विसरले. नीरज धाव घ्यायच्या आधी दोन्ही हात वर करून टाळ्या मागायचा, आणि कानडी, तमिळ, तेलुगू, हिंदी, मराठी बोलणारी हजारो माणसे एका ठेक्यात टाळ्या वाजवायची. ८६.१८ मीटरच्या फेकीने तो जिंकला. आम्ही मेट्रोने घरी आलो, वाटेत डोसा खाल्ला, मुले दहाच्या आत झोपली. शहरातला खेळ म्हणजे हे असते.

२०२४ च्या फेब्रुवारीत महिला प्रीमियर लीगचे सामने चिन्नास्वामीवर झाले, तेव्हाही असेच वाटले होते. सांगलीची स्मृती मानधना मैदानात उतरली की बेंगळुरूच्या मुली असा गलका करायच्या की शेजारचे बोलणे ऐकू येत नसे. तिच्या नेतृत्वाखाली आरसीबीच्या मुलींनी त्या वर्षी करंडक जिंकला, पुरुषांच्या आधी. त्याच मुलींच्या शहरातून विश्वचषक गेला. इथे, त्यांच्या घराजवळ, त्यांनी हरमनप्रीतचा तो झेल पाहायचा होता. ४ जूनच्या चुकीची शिक्षा, ज्यांचा तिच्याशी काही संबंध नव्हता त्या मुलींनी भोगली.

आणि परवाच, २४ डिसेंबरला, विजय हजारे करंडकात विराट कोहली दिल्लीकडून आंध्राविरुद्ध खेळला. सामना चिन्नास्वामीवर व्हायचा होता. परवानगी नाकारली गेली आणि तो विमानतळाकडच्या सेंटर ऑफ एक्सलन्सच्या मैदानावर प्रेक्षकांविना खेळवला गेला. कोहलीने १३१ धावा केल्या आणि त्या बेंगळुरूतल्या एकाही सामान्य माणसाने मैदानावर बसून पाहिल्या नाहीत. तयारी पुरी नसेल तर परवानगी नाकारणे योग्यच आहे, जीव आधी. पण प्रेक्षकाला दूर ठेवणे हा उपाय नव्हे. ती उपाय सापडेपर्यंतची सोय आहे, आणि तिची सवय लागता कामा नये.

४ जूनच्या घटनेची चौकशी करणाऱ्या न्यायमूर्ती जॉन मायकेल कुन्हा यांच्या आयोगाने स्पष्ट म्हटले आहे की मोठ्या गर्दीच्या कार्यक्रमांसाठी चिन्नास्वामीची रचनाच असुरक्षित आहे. सार्वजनिक रस्त्यापासून वेगळी रांगेची जागा, पुरेशी आत-बाहेरची दारे, सार्वजनिक वाहतुकीशी जोड, या गोष्टी असल्याशिवाय असे कार्यक्रम घेऊ नयेत, असेही आयोग सांगतो. सरकार बोम्मसंद्राला ८० हजारांचे नवे स्टेडियम बांधायचे म्हणते आहे. ते जरूर बांधावे. पण तेवढ्याने चिन्नास्वामीची जबाबदारी संपत नाही. हे मैदान शहराच्या मधोमध आहे, कब्बन पार्कचे मेट्रो स्टेशन दाराशी आहे. शाळा सुटल्यावर बापाचे बोट धरून मूल तिथे येऊ शकते, कामावरून सुटलेली बाई एकटी येऊन एकटी परत जाऊ शकते. शहराबाहेरच्या मैदानावर ज्याच्याकडे गाडी आहे तोच पोहोचतो. चिन्नास्वामी दुरुस्त करता येत असेल तर आधी तेच करावे, त्यासाठी खुर्च्या कमी कराव्या लागल्या तरी चालेल. २५ हजार माणसांनी निर्धास्त बसून पाहिलेला सामना हा ३५ हजारांनी जीव मुठीत धरून पाहिलेल्या सामन्यापेक्षा मोठा असतो.

आपण चिन्नास्वामीवर क्रिकेट परत आणण्याचा शब्द दिला आहे. त्या शब्दासोबत माझ्या काही मागण्या आहेत. त्या एका प्रेक्षकाच्या आहेत, म्हणून साध्या आहेत.

पहिली, प्रत्येक मोठ्या सामन्याच्या आधी किती तिकिटे सर्वसामान्यांसाठी विक्रीला आहेत आणि किती सभासद, प्रायोजक व पासधारकांसाठी, हा आकडा जाहीर करा. तिकीट मिळणार नाही हे खरे असेल तर तेही वेळेवर कळू द्या. दुसरी, रस्त्यावर रांग लावू नका. क्वीन्स रोड आणि कब्बन रोडचा पदपथ चालण्यासाठी आहे. रांगेला आवारात किंवा शेजारच्या मोकळ्या जागेत, सावलीत, वेगळी जागा करा. तिसरी, सूचना एकाच तोंडून येऊ द्या. संघ, संघटना, पोलीस आणि मेट्रो यांनी चार वेगवेगळे निरोप द्यायचे नाहीत. कन्नड, इंग्लिश, हिंदी, तमिळ आणि तेलुगूत ध्वनिक्षेपकावरून एकच सूचना ऐकू आली पाहिजे, आणि ती दाराशीच नव्हे तर मेट्रोच्या फलाटावरही. चौथी, पाणी आणि स्वच्छतागृहे. दारात हातातली बाटली काढून घेतली जाते आणि आत पाण्यासाठी पुन्हा रांग लागते, हा अनुभव देशातल्या बहुतेक मैदानांवर येतो. बायकांनी दिवसभर पाणी न पिता सामना पाहायचा, हे आता थांबले पाहिजे. पाचवी, विजयाचा सत्कार विजयाच्या दुसऱ्याच दिवशी करू नका. चार दिवस थांबल्याने करंडक जुना होत नाही. वॉर्डावॉर्डातल्या मैदानांवर पडदे लावा, तिकीट ठेवा, शहर विभागून आनंद करू द्या.

आणि शेवटची. कोलकात्यात १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर ईस्ट बंगाल-मोहन बागान सामन्यात १६ फुटबॉलप्रेमी मरण पावले. त्या शहराने त्यांना विस्मृतीत जाऊ दिले नाही. दरवर्षी १६ ऑगस्टला तिथे त्यांच्या स्मरणार्थ रक्तदान होते. ४ जूनच्या ११ जणांची नावे चिन्नास्वामीच्या दारावर, प्रत्येक प्रेक्षकाला आत जाताना दिसतील अशी, कन्नडमध्ये कोरून लावा. दरवर्षी त्या दिवशी संघटनेने, संघाने आणि पोलिसांनी तिथे एकत्र उभे राहून, वर्षभरात प्रेक्षकांच्या सुरक्षिततेसाठी काय केले ते जाहीरपणे सांगावे. ही ११ माणसे आपल्याच संघाचा आनंद करायला आली होती. ती संघटनेची पाहुणी होती.

आपण गोलंदाज होतात. फलंदाजाला दिसणारही नाही अशा बेताने हळूच टाकलेला चेंडू ही आपली खासियत होती. घाई न करता, नेमका टप्पा राखून काम करणे आपल्याला येते. तसेच हे काम करा. पहिला सामना लवकर व्हावा अशी माझी मागणी नाही. तो जेव्हा होईल तेव्हा शेवटचा प्रेक्षक घरी पोहोचेपर्यंत आपण आणि आपले पदाधिकारी मैदान सोडणार नाहीत, एवढे वचन द्या.

माझ्या आईने बेंगळुरूत सामना पाहायचे ठरवले आहे. तिचे आणि माझे तिकीट मी रांगेत उभी राहून, स्वतःच्या पैशांनी काढीन. तेवढी रांग सुरक्षित ठेवा, ही हात जोडून विनंती.

आपली विश्वासू,
एक प्रेक्षक
मल्लेश्वरम, बेंगळुरू